उजेड पूर्ण वाढवलाय

लोकांच्या स्क्रीनवर काय बिघडलंय ते न बघता सांगायचं, हे माझं काम. कंपनीत कानाला हेडफोन लावून बसते आणि दिवसभर परक्यांची गाऱ्हाणी ऐकते. कुणाची अक्षरं मुंगीएवढी झालेली असतात, कुणाची खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर जाऊन बसते आणि परत यायचं नाव घेत नाही, कुणाचा अख्खा पडदा हिरवा पडतो. एका साहेबांचा स्क्रीन आडवा झाला होता आणि ते अर्धा दिवस मान वाकडी करून काम करत होते. मला फोन करण्याआधी त्यांनी मानेचा पट्टा मागवला होता. असल्यांना मी दोन बटणांत सरळ करते. घरचे म्हणतात माझं डोकं लवकर तापतं. फोनवर मात्र मी साखर असते, कारण पगार साखरेचाच मिळतो.

लग्न झाल्यावर यात सासरची भर पडली. सासूबाईंचा फोटो स्टुडिओ आहे. सकाळी बस धरली की जेवणाच्या वेळेला पोचता येईल अशा गावात, दोन खोल्यांचं दुकान आणि वर घर. पासपोर्टचे फोटो बाबा, म्हणजे माझे सासरे, काढतात आणि तेच कापतात. पण गावात नाव आहे ते सासूबाईंचं. त्यांना सगळे फोटोबाई म्हणतात. फाटलेला, भिजलेला, उंदराने कुरतडलेला, कसलाही जुना फोटो त्यांना आणून द्यावा. त्या तो कॉम्प्युटरवर घेतात, भिंग लावल्यासारख्या बसतात आणि गेलेले कान, भुवया, साडीचा काठ जिथला तिथे परत आणतात. आपल्या डोळ्यांचा त्यांना अभिमान आहे आणि तो लपवायची त्यांना काही गरज वाटत नाही. सुईत दोरा अजून मीच ओवते, आणि तोही गप्पा मारता मारता, असं त्या पहिल्या भेटीतच मला सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

लग्नानंतर आम्ही त्यांना नवा मॉनिटर नेऊन दिला. जुन्याच्या मधोमध एक जांभळी रेघ होती आणि त्याचं रिझोल्यूशन कुणीतरी असं काही करून ठेवलं होतं की त्यावर सडपातळ माणूसही गरगरीत दिसायचा. मी नवा जोडला, आकार नीट केला, अक्षरं त्यांना वाचता येतील एवढी मोठी केली. मॉनिटरच्या खालच्या कडेचं बटणही दाखवलं. हे दाबलं की सूर्याचं चित्र येतं, उजेड हवा तसा इथून करायचा. दोघांनी माना डोलावल्या.

त्याच दुपारची गोष्ट. जेवणं झाली, सगळे निवांत बसलो होतो. सासूबाई म्हणाल्या, अगं, तेवढा पंखा वाढव. मी तत्परतेने उठले आणि तो पाचावर केला. त्या उठून शाल घेऊन आल्या. थोड्या वेळाने बाबांनी कानाला मफलर गुंडाळला. वर्तमानपत्र फडफडत होतं ते त्यांनी गुडघ्याने दाबून वाचलं. मला वाटलं, काय काटक माणसं आहेत. एकेकाला वाऱ्याची हौस असते.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला की फोटो फिके येतायत. स्क्रीनवर चांगला दिसतो, छापला की पांढरा पडतो. शाई बदलून झाली होती, कागद बदलून झाला होता. मी विचारलं, स्क्रीन कसा दिसतो. तर त्या म्हणाल्या, हल्ली अंधाराच वाटतो गं, म्हणून मी प्रत्येक चेहरा जरा उजळ करून घेते.

मला हायसं वाटलं, कारण दुखणं तर सापडलं होतं. स्क्रीन अंधारा, म्हणून त्या फोटो उजळ करणार, आणि उजळ केलेला फोटो कागदावर पांढराफटक येणार. आमच्याकडे शिकाऊ मुलीसुद्धा हे सांगतील. मी म्हटलं, आई, ते सूर्याचं बटण बघा, उजेड कमी झाला असेल.

"छे, तो तर मी पूर्ण वाढवलाय," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. पार शेवटपर्यंत वाढवलाय."

मागून बाबांनी साक्ष दिली, की हो, माझ्यासमोरच वाढवला.

झालं. उजेड पूर्ण आहे म्हटल्यावर मी तो प्रश्न खोडून टाकला आणि पुढच्या रानात शिरले. रात्री पडदा पिवळा करणारी सोय चालू आहे का पाहिलं, नव्हती. वीज वाचवायची सोय बंद केली. रंगांची सेटिंगं पुसून पुन्हा घातली, केबल काढून परत लावायला लावली, कॉन्ट्रास्ट वरखाली केला. रोज संध्याकाळी फोनवर आमची ही पूजा चालायची, आणि रोज शेवटी त्या बिचाऱ्या म्हणायच्या, हो, जरा बरं वाटतंय. ते ऐकलं की मला कळायचं, काडीचा फरक पडलेला नाही. गिऱ्हाईक थकलं की असंच बोलतं.

मग मी इथे बसून त्यांचा कॉम्प्युटर माझ्या स्क्रीनवर उघडला. एका बाईंचा जुना फोटो त्या करत होत्या. मला तो पिठाच्या डब्यातून काढल्यासारखा दिसत होता, आणि त्या म्हणत होत्या, अजून थोडा काळाच आहे नाही? बाबांनी मोबाइल धरून त्यांचा मॉनिटर मला दाखवला, तर तोही लख्ख दिसला. मोबाइलचा कॅमेरा लबाड असतो, अंधार दिसला की आपणच उजेड करून घेतो, हे मला माहीत आहे. पण एव्हाना मी हात टेकले होते आणि जे दिसलं ते खरं मानायला सोयीचं होतं. तोच फोटो मला पांढरा दिसतो, त्यांना काळा दिसतो. मॉनिटरचा उजेड पूर्ण आहे. मग उरलं काय?

तेवढ्यात मास्तरांचं ते प्रकरण झालं. हे गावातले निवृत्त मास्तर. पिठाच्या डब्यातला तो फोटो त्यांच्या बायकोचा, आणि त्या बाई जाऊन बरेच दिवस झालेले. त्यांच्याजवळ तिचा तेवढा एकच धड फोटो, तोही ओल लागून चिकटलेला. सासूबाईंनी जीव ओतून तो उभा केला, छापला, चौकटीत घालून दिला. मास्तरांनी तो हातात घेतला, खूप वेळ बघितला आणि हळूच म्हणाले, फोटोबाई, काम सुंदर आहे, पण ही इतकी गोरी नव्हती हो. छान सावळी होती. तक्रार म्हणून नाही, आपलं सांगितलं. आणि चौकट टेबलावर तशीच ठेवून गेले.

हे सगळं सासूबाईंनीच मला फोनवर सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मी मात्र नेहमीचीच होते. मी म्हटलं, आई, एकदा डोळे दाखवून घ्या.

त्या नुसतं बरं म्हणाल्या.

त्यानंतरचा फोन आला तो भर दुपारी, मी कंपनीत डबा उघडून बसले होते तेव्हा. त्या एरवी अशा वेळी फोन करत नाहीत.

"अगं, तुला सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही दुकान वाढवायचं ठरवलंय. हा महिना संपायच्या आत."

मला इतका आनंद झाला की घास तोंडात असतानाच मी बोलले. "वाढवा आई. मी तर म्हणते, केव्हाच वाढवायला हवं होतं."

"असं वाटतं तुला?"

"मग काय. आता अजिबात मागेपुढे बघू नका. आम्ही दोघं येतो सामान हलवायला."

त्या पुन्हा बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी उरलेला डबा मोठ्या खुशीत संपवला. डोळ्यांचं गाऱ्हाणं मागे पडलं, सासूबाईंनी उभारी धरली, शेजारचा गाळा रिकामाच आहे, असे विचार करत मी कामाच्या कागदामागे नव्या पाटीचं चित्रसुद्धा काढलं. फोटोबाई असंच नाव ठेवायचं, ठळक अक्षरात.

रात्री जेवताना ते चित्र मी नवऱ्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, तुझी आई कमाल आहे, या वयात दुकान वाढवतेय. त्याचा हात थांबला.

"ती नक्की काय म्हणाली? शब्द सांग."

"दुकान वाढवायचं ठरवलंय म्हणाल्या."

"आणि तू काय म्हणालीस?"

"केव्हाच वाढवायला हवं होतं म्हटलं."

त्याने ताट बाजूला सारलं आणि कपाळाला हात लावला. मग मला जे समजलं ते त्याच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी. आमच्या माहेरी सगळे नोकरदार. आमच्याकडे वाढतात ते ताटात, नाहीतर पगार. दुकानदारांच्या घरात बंद हा शब्द उच्चारत नाहीत, हे मी कधी कुठे वाचलंही असेल, पण माझ्या कानावर तो वापर पडलेला नव्हता. बंद म्हणणं अभद्र, म्हणून रात्री कुलूप लावायचं तरी दुकान वाढवलं म्हणायचं. रोज रात्री वाढवतात ते सकाळी उघडण्यासाठी. पण भर दुपारी फोन करून, ठरवलंय म्हणून सांगितलं, तर ते कायमचं वाढवणं. आणि सासूबाईंनी तर हा शब्द घरभर नेलेला. त्या दिवा वाढवतात, रेडिओ वाढवतात, नळसुद्धा वाढवतात.

"पंखा?" मी विचारलं.

"पंखाही. का?"

माझ्या डोळ्यांपुढे ती शाल आली, तो मफलर आला. आणि त्यांच्या मागोमाग ते वाक्य आलं. पहिल्याच दिवशी. पार शेवटपर्यंत वाढवलाय.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मला लाजही येत होती आणि हसूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की फार वाईट अवस्था होते. नवरा लगेच आईला फोन लावायला निघाला, तर मी तो हिसकावून घेतला. मी इथून एक शब्द बोलायची आणि तिकडे तो दुसराच होऊन पोचायचा. फोनवरून आता काहीएक नको, म्हटलं, सकाळची पहिली बस धरायची. तेव्हा त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या आजीला, म्हणजे सासूबाईंच्या आईला, याच वयात दिसेनासं झालं होतं. सुरुवात अशीच झाली होती, सगळं अंधारं वाटतंय म्हणून. आणि मी त्यांना डबा खाता खाता सल्ला दिला होता की मागेपुढे बघू नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा दुकान उघडं होतं, पण अर्धं आवरलेलं. भिंतीवरच्या चौकटी खोक्यात गेल्या होत्या. फोटोमागे लावायचा निळा पडदा बाबा गुंडाळून दोरीने बांधत होते. नेहमी आतल्या अंधाऱ्या खोलीत असायचं ते कॉम्प्युटरचं टेबल आता पुढे, रस्त्याकडच्या काचेला लागून होतं. गिऱ्हाइकाला आपला चेहरा होताना बघायला आवडतं, म्हणून बाबांनी ते हलवलं होतं, असं नंतर कळलं. आतल्या खोलीत तो मंद स्क्रीन निभावून गेला. इथे अंगावर ऊन घेऊन तो काय दिसणार?

सासूबाई मास्तरांची ती चौकट कापडाने पुसत होत्या. आम्हाला बघून हसल्या, पण ते हसू पाहुण्यांसाठीचं होतं.

"आलात? सामान हलवायला एवढी घाई नव्हती गं."

मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. पायातल्या चपला तशाच ठेवून मी सरळ मॉनिटरपाशी गेले, तो चालू केला आणि खालचं बटण दाबलं. सूर्याचं चित्र आलं आणि त्याच्या शेजारी आकडा आला. शून्य.

"बघ, पूर्ण वाढवलाय," बाबा अभिमानाने म्हणाले. "नवा होता तेव्हा डोळ्यात घुसायचा. मीच म्हटलं, पार वाढवून टाक."

मी बटण दाबत गेले. आकडा चढला तसा पडदा उजळत गेला, आणि त्यावर मास्तरांच्या पत्नी आल्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत चुना लावल्यासारख्या. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. सासूबाई कापड हातात घेऊन उभ्या होत्या. त्या जवळ आल्या, आणखी जवळ आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"ही अशी होती? मी हिला अशी केली होती?"

"तुम्हाला दिसलीच नाही, आई. तुम्ही अंधारात काम करत होतात. तुमचे डोळे ठणठणीत आहेत. उजेड तुम्ही वाढवला होतात, तुमच्यासारखा. आणि मी ऐकलं माझ्यासारखं."

त्यांना ते कळायला क्षणभर वेळ लागला. बाबांना जरा जास्त लागला. मग सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्या माझ्यावर मोकळेपणी चिडल्या.

"आणि दुकान? मी फोन केला तेव्हा वाटलं, तू नको म्हणशील. एकदा तरी म्हणशील. तर तू म्हणालीस, केव्हाच वाढवायला हवं होतं. म्हटलं, चला, हिच्याही लक्षात आलंय आपण निकामी झालो ते."

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नव्हता, लख्ख उजेड होता. मी म्हटलं, आई, मला वाटलं तुम्ही शेजारचा गाळा घेताय. पर्समधून तो कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. ठळक अक्षरातली पाटी बघून त्या अशा हसायला लागल्या की बाबांच्या हातून पडद्याची गुंडाळी सुटली आणि निळा पडदा दारापर्यंत उलगडत गेला. हसू आवरल्यावर त्यांनी कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला. पंख्याचं मी विचारलं, तर म्हणाल्या, नवी सून, पहिल्याच दिवशी काय बोलायचं? ह्यांना नंतर आठवडाभर सर्दी होती. डोळे तरीही एकदा दाखवून या, असं मी म्हटलं. दाखवीन, पण बरे आहेत हे सांगायला, असं त्या म्हणाल्या आणि माऊस हातात घेतला.

त्यांना काम करताना मी पहिल्यांदाच इतकं जवळून बघत होते. त्यांनी उजेड ओढून काढला तो सगळीकडून सारखा नाही, आधी कपाळावरून, मग गालावरून, डोळ्यांखाली अगदी थोडा. हळूहळू नाकाला धार आली. चुन्याखाली एक तीळ होता, तो वर आला. शेवटी त्या मागे सरकल्या, मान तिरकी करून बघितलं आणि छापायला कागद घातला.

मास्तर संध्याकाळी आले. बाबांनी निरोप पाठवला होता. त्यांनी चष्मा चढवला, चौकट दोन्ही हातांनी धरली आणि काचेपाशी, उजेडात नेली.

"हां," मास्तर म्हणाले. "ही आमची." मग सासूबाईंकडे वळून, जरा मिस्कील चेहरा करून म्हणाले, "त्या गोऱ्या बाई कोण होत्या?"

ते गेल्यावर सासूबाई बराच वेळ हात पुसत राहिल्या. खोक्यातल्या चौकटी नवऱ्याने परत भिंतीवर लावल्या, त्यातली एक उलटी. बाहेर दिवे लागले. बाबा सवयीने उठून शटरपाशी गेले आणि नेहमीच्या शब्दाची वाट बघत थांबले. सासूबाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि थबकल्या. मग औषध घेताना घेतात तसा श्वास घेऊन म्हणाल्या, "चला, बंद करू या."

बाबांचा हात शटरवर राहिला. एवढ्या वर्षांत तो शब्द त्यांनी बायकोच्या तोंडून ऐकला नव्हता. "म्हटलं, हिला कळावं," सासूबाई पुटपुटल्या.

"बंद नका म्हणू, आई," मी म्हटलं. "वाढवू या. सकाळी उघडायचंय."

बाबांनी शटर ओढलं. मी आत गेले, पंखा वाढवला आणि तो थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले.